आईचा टाइम झोन

'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण हसतो ना? कोल्हापूरकडं त्याला म्हातारचळ म्हणतात, की विषय संपला. डिमेन्शिया हा शब्द घरात येतो तो थेट डॉक्टरच्या फाइलमधून. २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीनुसार देशात साठीपुढचे साधारण ८८ लाख लोक त्यात आहेत. (प्रत्येक विसरणं डिमेन्शिया नसतं हं. बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, डिप्रेशननंही होतं, आणि त्यावर इलाज असतो. आधी ब्लड टेस्ट!)

माझा कॉलेजचा दोस्त न्यू जर्सीत असतो. आयटी, ग्रीन कार्ड, सगळं सेट. काका गेले आणि गडमुडशिंगीच्या घरात काकू एकट्या उरल्या, म्हणून त्यानं त्यांना तिकडं नेलं. इथं त्यांचं विसरणं खपून जायचं. वाट चुकल्या तर गल्लीतलं कुणीतरी 'मावशी, इकडं कुठं?' म्हणत हाताला धरून आणायचं. तिकडं सगळी घरं सारखी, आणि मराठी फक्त संध्याकाळी सहानंतर! पहाटे दोनला काकू स्वेटर घालून दारात. म्हणे, धारा काढायच्यात.

क्लिनिकमधल्या टेस्टमध्ये विचारलं, आत्ता कोणता ऋतू? काकू म्हणाल्या, सुगी. नोव्हेंबर होता, म्हणजे उत्तर शंभर टक्के करेक्ट! पण दुभाषा हिंदीचा. मार्क गेला. गंमत म्हणजे हरियाणातल्या बल्लभगडमध्ये शाळा न शिकलेल्यांना झेपेल अशी चाचणी संशोधकांनी १९९५ मध्येच मांडली होती. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डला तर २००६ मध्ये दक्षिण आशियाई घरांसाठी 'मेरी यादें' नावाचा उपक्रमच सुरू झाला.

खरी मेख व्हिसाची. ग्रीन कार्डावर आईला स्पॉन्सर करता येत नाही, त्यासाठी सिटिझन व्हावं लागतं. व्हिजिटर म्हणून एका वेळी साधारण सहा महिने. हा आजार सहा महिन्यांत आटपत नाही.

काकू परत गावी आल्या. जाऊबाईंकडं असतात, दिवसा एक बाई येते. दोस्त रोज व्हिडिओ कॉल करतो. दाढी वाढवल्यापासून काकू त्याला 'अहो' म्हणतात. 'अहो, पोराच्या फीचं तेवढं बघा.' आधी तो दुरुस्त करायचा. हल्ली 'बघतो' म्हणतो, आणि माझ्या मते बरोबर करतो.

जाऊबाईंचं मात्र कुणी विचारत नाही. त्याही सत्तरीच्या, गुडघे गेलेले, आणि या ड्यूटीला वीकेण्ड नाही. दोस्तानं मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा टाकलीय. त्या दिवसांत काकूंजवळ तो राहणार. जाऊबाईंना पंढरपूरला जायचंय.