चष्मा कुणाच्या डोळ्यावर?

२०१७ साली कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक वाचनालयांना व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे चष्मे मिळाले. असला चष्मा चढवला की पोरगं वेल्डिंग शिकतं, क्रेन हाकतं. हात भाजत नाही, मुकादम शिव्या घालत नाही.

आणि आपल्याकडं? १९६७ चा ग्रंथालय कायदा, ‘ड’ वर्गाचं वाचनालय, एक कपाट. किल्ली वाड्यावर.

आमच्या पोरांचं करिअर जन्माआधीच ठरलेलं : झाडू, ढोर, गटार. २०१३ ला बंदीचा कायदा झाला, तरी माणसं गटारात मरतातच. म्हणून हा चष्मा मला खेळणं वाटत नाही. जिनं प्रयोगशाळा कधी बघितलीच नाही, त्या पोरीनं आत शिरून बघावी.

पण साहेब, चष्मा बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात ठेवा. अन् त्यात गटार उपसायचंच ट्रेनिंग भरून पाठवाल, तर पहिला तुमच्या पोराच्या डोळ्यावर चढवू!