उड्या मारून बेटं बघू नयेत

‘आयलंड हॉपिंग’चं मराठी भाषांतर करून बघा एकदा. बेटांवरून उड्या मारणे. मराठीत म्हटलं की कसं माकडचेष्टेसारखं वाटतं ना? मला ते इंग्रजीतही तसंच वाटतं, आणि आज त्यावरच लिहायचं आहे. ऐन सुट्टीच्या तोंडावर भांडण काढतोय म्हणून नातेवाईक मंडळी वैतागतील (आत्या, फोन करण्याआधी शेवटपर्यंत वाच), पण बऱ्याच दिवसांची मळमळ आहे, बाहेर पडू द्या.

झालं असं की मी आणि माझा एक मित्र (नाव लिहीत नाही, तो इथे वाचायला येतो) मे महिन्यात समुद्राकडे जायचं म्हणतोय. नाशिक रोडच्या उन्हात मे काढण्यापेक्षा खारा वारा बरा, इथपर्यंत आमचं एकमत. मग त्याने एक्सेल शीट पाठवली. सहा दिवस, सात बेटं. प्रत्येक बेटापुढे वेळ लिहिलेली. एकापुढे चक्क ‘४५ मि. (फोटो)’! पहिला मसुदा थायलंडचा होता. मी कुरकुर केली तर दुसरा लक्षद्वीपचा आला, आणि तिसरा आपल्या कोकणातल्या जलदुर्गांचा. त्याला वाटलं माझा आक्षेप परदेशाला आहे. अजिबात नाही. पासपोर्टवर मी कशाला रागावू, तो तर आमच्याच गावात, प्रेसमध्ये छापतात! माझा आक्षेप त्या ‘४५ मि.’ला आहे. थायलंडचं बेट उरकणं आणि मालवणचं बेट उरकणं ह्यात मला काडीचा फरक दिसत नाही.

खरं तर ‘उरकणं’ म्हणजे काय हे आपल्या नाशिककरांना वेगळं सांगायला नको. आपण स्वतः एक ‘पॉइंट’ आहोत. शिर्डी, नाशिक, त्र्यंबक, दोन दिवसांत तीन ठिकाणं, ही सहल आपल्या दारावरून वर्षानुवर्षं जातेय. गाडी नाशिक रोडला उतरवते, मुक्तिधामला पाच मिनिटं, रामकुंडावर वीस मिनिटं, काळारामाच्या दारात चपला कुठे ठेवायच्या ह्यावर वाद, आणि पुढे. आपण काय म्हणतो त्यांच्याबद्दल? ‘येतात, घाण करतात, जातात. गाव कुठे बघितलं ह्यांनी?’ म्हणतो की नाही? मग हीच माणसं, म्हणजे आपण, मे महिन्यात गॉगल लावून दुसऱ्याच्या गावावर उडी मारायला निघतो तेव्हा ही वाक्यं कुठे जातात?

गावाला निदान आजूबाजूला दुसरी गावं असतात. पाणी कमी पडलं तर टँकर येतो, कचरा झाला तर (नशीब असेल तर) घंटागाडी येते. बेटाला चारही बाजूंनी समुद्र.

लक्षद्वीपचंच घ्या. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवशी वाद झाला आणि रातोरात सगळ्यांना लक्षद्वीप आठवलं. देशभक्ती म्हणून बुकिंग! किती आहे हो ते लक्षद्वीप? ३६ बेटं, त्यातल्या फक्त दहांवर वस्ती. सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपल्या नाशिक महापालिकेची हद्द त्याच्या आठपट भरेल. २०११ च्या जनगणनेत तिथे ६४ हजार माणसं होती. नदी एकही नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. तो गोड्या पाण्याचा पातळ थर म्हणजे त्या लोकांची विहीर. जास्त उपसा केला की खालून खारं पाणी वर येतं आणि विहीर मचूळ होते. म्हणूनच कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प बसवावा लागला. दिवसाला एक लाख लिटरचा. एक लाख लिटर ऐकायला खूप वाटतं, पण आपल्याकडच्या टँकरच्या हिशेबात मांडा. दहा हजार लिटरचे दहा टँकर, बस्स. आता ह्या बेटांवर जायला परवाना का लागतो, आणि सरसकट सगळ्यांना का सोडत नाहीत, हे कळायला कठीण नाही. माझ्या मित्राच्या शीटमध्ये स्कूबाचा खर्च होता, जेवणाचा होता, टिपचा होता. पाण्याचा रकाना नव्हता.

ज्यांनी हा रकाना सोडून दिला त्यांचं काय झालं तेही जगजाहीर आहे. थायलंडच्या फी फी बेटांवरची माया बे ही छोटीशी खाडी २००० साली एका हॉलिवूडच्या सिनेमात दिसली. मग रोज हजारो माणसं, शेकडो स्पीडबोटी. नांगरांनी प्रवाळ फोडून काढला. जून २०१८ मध्ये सरकारने ती बंद केली, ‘चार महिन्यांसाठी’. उघडली थेट जानेवारी २०२२ मध्ये, आणि तीही बोटींना खाडीत यायला बंदी घालून. फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटाचं सांडपाणी समुद्रात जात होतं म्हणून २०१८ मध्ये ते अख्खं बेट सहा महिने पर्यटकांना बंद ठेवलं. लक्षात घ्या, ह्या दोन्ही ठिकाणी युद्ध नव्हतं की त्सुनामी नव्हती. नुसती सुट्टीवर आलेली माणसं होती. आपल्यासारखीच, चांगल्या घरची.

बरं, बाहेरचं सोडा. घारापुरीला कोण गेलं नाही? शाळेच्या सहलीत आपण सगळे गेलोय. गेटवेवरून बोट, पायऱ्या, त्रिमूर्ती, माकडांनी पळवलेला डबा, परत. त्या बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा झाली. आणि वीज कधी आली? फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून! मुंबईपासून दहा-अकरा किलोमीटरवर, रात्री समोर अख्ख्या मुंबईचा झगमगाट दिसत असताना, ती घरं संध्याकाळच्या तीन-चार तासांच्या जनरेटरवर जगत होती. इतकी वर्षं, इतके लाखो लोक येऊन गेले, आरडाओरडा कसा झाला नाही? साधं कारण आहे. संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने सगळे परत जायचे. अंधार कोणी बघितलाच नाही.

माझा सगळा राग ह्या एका गोष्टीत आहे. उडी मारणाऱ्याला बेटाचा दिवस दिसतो, रात्र दिसत नाही. भर दुपारचं फोटोजोगं बेट दिसतं, आणि पाणी कुठून येतं, आजारी माणूस रात्री दोनला कुठे नेतात, शाळा कितवीपर्यंत आहे, हे त्याला विचारावंसंही वाटत नाही. विचारायला वेळच नसतो, पुढच्या बेटाची बोट सुटत असते.

आणि बोट म्हणजे काही रिक्षा नव्हे, हात केला की थांबायला. समुद्राला स्वतःचं वेळापत्रक आहे. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. म्हणजे पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे सहा तास अलीकडे, सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, भरतीला तोच किल्ला बेट होतो. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पाऊण तास पुढे. आता सांगा, ‘स. ९.३० ते १०.१५’ हे शीटमध्ये कुठल्या तिथीला लिहायचं? मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या मे महिन्याच्या शेवटी बंद होतात त्या पावसाळा ओसरेपर्यंत. ते पर्यटकांच्या गैरसोयीसाठी नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, तो आषाढातला समुद्र होता.

अगदी अलीकडचं, १८ डिसेंबर २०२४. घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली आणि डझनाहून जास्त माणसं मेली. धडकेत प्रवाशांचा काहीच दोष नव्हता, हे स्वच्छ आहे. पण बोटीला परवानगी ८४ प्रवाशांची होती आणि आत शंभराहून जास्त होते. बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ही गर्दी कुठून येते? ‘पुढची बोट अर्ध्या तासाने आहे’ म्हटल्यावर ज्याचा जीव कासावीस होतो, तिथून येते. मालक पैशासाठी माणसं कोंबतो हे खरंच, त्याला कायद्याने वठणीवर आणलंच पाहिजे. पण धक्क्यावर ‘दादा, आम्ही चौघंच आहोत, घ्या ना’ असं म्हणणारे आपणच असतो.

आता मित्राची बाजू. तो वकील नाही, पण भांडतो वकिलासारखा. त्याचं पहिलं म्हणणं, रजा सहाच दिवस मिळते आणि पुन्हा कोण जाणार आहे तिकडे? कबूल. पण सहा दिवसांतले अर्धे दिवस धक्क्यावर सामान सांभाळत काढायचे असतील तर ती रजा कसली? दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. तो म्हणतो, ‘तुझ्यासारखे चार शहाणे घरी बसले तर होडीवाल्याने आणि शहाळेवालीने खायचं काय?’ मी घरी बसा म्हणतच नाहीये. उलट जास्त राहा म्हणतोय. तासाभराचा पाहुणा शहाळ्याचे पैसे देतो आणि रिकामं शहाळं तिथेच टाकून येतो. तीन रात्री राहणारा पाहुणा एखाद्या घरी जेवतो, खोलीचं भाडं देतो, बाजारातून कोकम-काजू घेतो, तिसऱ्या दिवशी मालवणी माणसाच्या शिव्याही खातो (प्रेमाच्या). माणसं तीच आणि पैसेही तेच, पण ते सात ठिकाणी चिल्लर होऊन उडण्याऐवजी एका गावात मुरतात.

म्हणून माझा चौथा मसुदा असा. बेट एकच, सिंधुदुर्ग. मुक्काम मालवणात, चार रात्री, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, होड्या चालू असताना. नाशिक रोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसने (नावात बेटं आहेत, तेवढ्यावर मित्राने समाधान मानावं) कोकण रेल्वेने रत्नागिरी, पुढे एसटी. होडीवाले किल्ल्यात साधारण तासाभराची मुदत देतात. आम्ही त्यांच्याशी आधी बोलून, जास्तीचे पैसे देऊन सकाळी लवकर जायचं आणि उशिरा परतायचं, आणि तेही एकदा नाही, दोनदा.

एका किल्ल्यात दोन दिवस काय करणार म्हणता? २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी ज्याचा पाया घातला तो कोट, सुमारे ४८ एकर, तीनेक किलोमीटरची तटबंदी. ती सगळी चालायची म्हटली तर उन्हात दम निघतो. दरवाजा असा बुरुजांच्या आड लपवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, भर समुद्रात! किल्ला बांधणाऱ्यांनी पाण्याचा रकाना आधी भरला होता, एवढंच म्हणतो. आणि तिथे अजून काही कुटुंबं राहतात. पावसाळ्यात होड्या बंद झाल्यावर ती कशी राहतात, हे विचारायला तासाभरात जमत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले. आपल्या बागलाणातला साल्हेर त्यात आहे, आणि पाण्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. मला अभिमान आहेच, पण भीतीही आहे. ‘बारा किल्ले, आठ दिवस, नाश्त्यासहित’ अशा सहली निघायला वेळ लागणार नाही. वारशाचा दर्जा मिळाल्यावरही घारापुरीत वीज यायला तीस वर्षं लागली. दर्जाने काही होत नाही हो. तिथे थांबून, अंधार बघून, परत आल्यावर त्याबद्दल बोलणारी माणसं लागतात.

तर मित्रा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. रत्नागिरीची दोन तिकिटं काढतोय. तुझं नको असेल तर रविवारपर्यंत सांग. आणि ती शीट आणणार असशील तर एक रकाना वाढव.