त्याची आई 'वेडी' होती म्हणे!

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे आणि चिडून लिहिली आहे. चालवून घ्या.

२०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर जेफ्री डाहमरची मालिका आली, तेव्हापासून आपल्या परदेशातल्या पालकांच्या ग्रुप्सवर एक ठरलेलं वाक्य फिरतंय. "आई वेडी, आईबापांचा घटस्फोट, मग पोरगा असाच निघणार!" त्यामागून येते ती 'भावी खुन्याची लक्षणं' वाली यादी: प्राण्यांना छळणं, आगी लावणं, मोठेपणीही अंथरूण ओलं करणं.

ही यादी आली कुठून? कोलोरॅडोत मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने शंभर रुग्णांवरून १९६३ मध्ये ती मांडली. त्या रुग्णांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या होत्या, मालिका-खून नव्हे. पुढच्या संशोधनात ही यादी काही टिकली नाही. मूल प्राण्यांना छळत असेल तर ते जरूर गांभीर्याने घ्या, बऱ्याचदा ते घरातल्या मारझोडीकडे बोट दाखवत असतं. पण अंथरूण ओलं करणारी पोरं तुमच्या-माझ्या घराण्यात ढिगाने होऊन गेली आणि आज ती बँकेत मॅनेजर आहेत.

आता डाहमरचं घर बघा. ओहायोतलं चांगलं खातंपितं घर. वडील लायनेल केमिस्ट, पीएचडी. आईला नैराश्य, गोळ्या. दोघांची सतत भांडणं. चौथ्या वाढदिवसाच्या आधी मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि तो मिटत गेला. पुढे त्याने विचारलं, कोंबडीची हाडं ब्लीचमध्ये टाकली तर काय होतं? बाप खूश! पोराला विज्ञानाची गोडी लागली म्हणून त्याने हाडं स्वच्छ करायची रीत दाखवली. सांगा, आपल्यातला कुठला इंजिनिअर बाप खूश झाला नसता? १९९४ मध्ये लायनेलनी पुस्तक लिहिलं, त्यात हा माणूस स्वतःलाच उलटसुलट तपासतो.

आणि याच घरात, याच आईच्या हाताखाली धाकटा भाऊही वाढला. तो कुणाचा खुनी झाला नाही. मग 'आई वेडी म्हणून' हे गणित सुटलं कुठे?

मला खटकतं ते दुसरंच. चौदाव्या वर्षाच्या सुमारास जेफ्री शाळेत दारू घेऊन यायचा. वर्गातल्या पोरांना माहीत होतं. विचारलं तर औषध आहे म्हणायचा. मोठ्यांपैकी कुणी त्याला बसवून धड विचारलं नाही. जून १९७८ मध्ये, शाळा संपून तीन आठवडे होतात न होतात तोच, त्या घरात एकटा असताना त्याने पहिला खून केला. १९९१ पर्यंत सतरा जीव गेले. मधे एका मुलाच्या लैंगिक छळाबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वडिलांनी न्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं की सोडण्याआधी याच्यावर उपचार करा. तो मुदतीआधीच सुटला.

म्हणून आजार हेच कारण म्हणावं, तर १९९२ मध्ये ज्यूरीने तो कायद्याच्या दृष्टीने शुद्धीत होता असंच ठरवलं. उलट आपल्या मुंबईचा रामन राघव. १९६८ मध्ये त्याने फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्यांना मारलं. डॉक्टरांच्या मंडळाने त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं आणि १९८७ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. (त्याच्या बालपणाची कुणी धड नोंदही ठेवलेली नाही. गरिबाचं बालपण कोण लिहिणार?) दोन माणसं, दोन वेगळ्या गोष्टी, आणि आपण दोघांवर एकच चिठ्ठी डकवतो: 'मेंटल'.

या चिठ्ठीचा फटका कुणाला बसतो? स्किझोफ्रेनिया असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार तीच जास्त खातात. आणि फटका बसतो तुमच्या वरच्या खोलीतल्या पोरीला. ती जेवत नाही, झोपत नाही, मित्रमैत्रिणी तुटल्या आहेत. शाळेची काउन्सेलर फोन करते आणि आपण म्हणतो, "आमच्या फॅमिलीत असलं काही नाही." मग तीच पोरगी ग्रुपवरचा तुमचा 'सायको'वाला विनोद वाचते. यांना सांगायचं नाही हे तिला तिथेच कळतं.

"रेकॉर्डवर येईल, कॉलेजला नडेल." अहो, अमेरिकेत थेरपिस्टची फाइल कॉलेजच्या अर्जाला जोडत नाहीत! आखातात व्हिसा-नोकरीची धाकधूक असते, ती मी समजू शकते. पण पुण्याचा डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटतो, आणि जुलैत गावी जाताच ना? दागिने घडवायला वेळ काढता, तसाच हाही काढा.

आणि पोरीला आज रात्री विचारायचं असेल, तर "काय झालंय तुला?" असं पोलिसी नको. गाडीत, शेजारी बसून, समोर रस्त्याकडे बघत विचारा. जीव नकोसा होतो का, असं स्पष्ट विचारलं तरी चालतं. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आलं तर भाषण न देता अमेरिकेत ९८८ लावा, इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबा. दुसरीकडे असाल तर तिथला नंबर आत्ताच शोधून फ्रिजवर लावून ठेवा. आणि हो, ती 'लक्षणांची' यादी पुन्हा कुणी टाकली तर त्याखाली ही पोस्ट चिकटवा.