यंत्राचा पदपाठ

गेल्या महिन्यांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. ज्या घरांत दृष्टिहीन विद्यार्थी आहे तेथें तो सहज घडण्यासारखा असल्यामुळें वाचकांपुढें मांडतों.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षांत आहे. त्यास दिसत नाहीं. पडद्यावरील मजकूर त्याला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बोलून दाखवितो. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन यांनीं २००६ सालीं त्याचा आरंभ केला. पुढें जेम्स टेह त्यांना मिळाले. दोघेही स्वतः अंध. प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो, हें विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें थोडें नव्हे.

एके रात्रीं वहिनी त्याच्या संगणकावर गोष्ट ऐकत बसल्या होत्या. यंत्र प्रत्येक स्वल्पविराम, प्रत्येक अवतरणचिन्ह उच्चारी, वहिनी त्रासल्या. आम्हीं मोठ्या शहाणपणानें कीबोर्डावरील इन्सर्ट व पी ह्या दोन कळा एकत्र दाबल्या, आणि चिन्हांचा उच्चार बंद झाला. बंद होतांना यंत्र ती मांडणी आपोआप जतन करून ठेवतें, हें आमच्या गांवींही नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलाला कॉलेजांत काम द्यावयाचें होतें. एका ओळींत कंस जादा पडलेला. तीच ओळ त्यानें पुनःपुन्हां ऐकली, पण यंत्रानें कंसाविषयीं मौन धरलेलें. पाऊण तास गेला. मग त्यानें शांतपणें विचारलें, "आजोबा, काल ह्याला कोणी हात लावला होता का?" कबूल करण्यावांचून आम्हांस गत्यंतर नव्हतें. काम उशिरां पोंचलें आणि गुण कापले गेले. तो रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

दोष कळांचा नव्हता. संहितापाठांत वैदिक मंत्र अखंड म्हणतो, पदपाठांत पद न् पद तोडून. मंत्र तोच, प्रयोजन निराळें. गोष्टीला संहिता हवी, प्रोग्रॅमच्या ओळींना पदपाठ. आम्ही दोहोंस एकच पाठ लावीत होतों.

उपाय यंत्रांतच आहे. ज्या प्रोग्रॅमसाठीं निराळी मांडणी हवी तो समोर उघडा ठेवून इन्सर्ट, कंट्रोल व पी ह्या कळा दाबाव्या. प्रोफाइलांची चौकट उघडते. तींत नवें प्रोफाइल घेऊन नांव द्यावें व तें चालू प्रोग्रॅमपुरतें असा पर्याय निवडावा. पुढें तेथें केलेले फेरफार त्या प्रोफाइलांतच राहतात. दुसऱ्या खिडकींत गेलें कीं मूळ मांडणी परत येते.

मुलानें नोटपॅडला सर्व चिन्हें, मंद गति आणि ओळीच्या आरंभींच्या मोकळ्या जागेची सूचना नेमून दिली. पायथॉन भाषेंत त्या जागेनें अर्थ बदलतो, तेव्हां ती ऐकूं आलीच पाहिजे. टर्मिनलच्या काळ्या खिडकींत मजकूर आपणहून धोधो उमटत राहतो; तेथें तो आपोआप वाचणें त्यानें इन्सर्ट व ५ दाबून बंद केलें.

एक अडचण मात्र राहते. यंत्र खिडकी ओळखतें, खिडकींतला कारभार नव्हे. टर्मिनलांत टपाल वाचा कीं लेखन करा, त्याच्या लेखीं सगळें टर्मिनलच. अशा वेळीं आपल्या हातानें चालू करावयाचें प्रोफाइल करून त्याला स्वतंत्र कळा नेमून द्याव्या लागतात.

पुण्यांत वाढलेले टी. व्ही. रामन यांनीं ह्या प्रश्नाला निराळ्याच बाजूनें हात घातला. चौदाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. त्यांचें १९९५ सालचें इमॅक्सस्पीक हें इमॅक्स ह्या लेखन-प्रोग्रॅमच्या आंतच राहतें. त्यामुळें ओळ टीपेची आहे कीं आज्ञेची हें त्यास ठाऊक असतें, आणि त्याप्रमाणें तें आवाजही बदलतें.

वहिनींचीही सोय झाली. सलग वाचन चालू असेल तेवढ्यापुरतें लागू होणारें एक प्रोफाइल एनव्हीडीएंत करतां येतें. त्यांत मुलानें चिन्हांचा उच्चार बंद ठेवला आहे. गोष्ट आतां विनाव्यत्यय चालते. आम्हांस मात्र पी ह्या कळेकडे फिरकण्याची मनाई आहे.