पडावावरच्या पोराला लॅपटॉप कशाला?

‘आधी वर्ग द्या, शिक्षक द्या, लॅपटॉपचं मग बघू.’ खेड्यातल्या मुलांच्या हाती संगणक देण्याची गोष्ट निघाली की हे उत्तर ठरलेलं असतं. 2006 साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही निकोलस निग्रोपाँटे यांची योजना नाकारली, तीही याच कारणाने. वर्ग आणि शिक्षक हवेतच, त्यात वाद नाही. पण जे मूल त्या वर्गात अर्धं वर्ष नसतंच, त्याचं काय?

सुरत जिल्ह्यात हे मूल दर हंगामात दिसतं. पावसाळा सरला की नंदुरबार, धुळे, डांगमधून ऊसतोड करणाऱ्या कोयत्याच्या जोड्या बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोबरोबर पोरंही पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या वस्तीवर, येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत राहतात. घरात भिली किंवा मावची बोलणाऱ्या नंदुरबार-धुळ्याकडच्या पोराने मोठ्या कष्टाने मराठी अक्षरं गिरवलेली असतात. नवापूर ओलांडलं की ती अक्षरंही मागे पडतात, कारण इथली शाळा गुजराती. परत जावं तर वर्ग पुढे गेलेला. गावात कितीही पक्की खोली बांधा, ती पोराबरोबर बारडोलीला येत नाही. बालभारतीची पुस्तकं, त्याच्या बोलीतल्या ध्वनिफिती, गणिताचा सराव आणि लिहायला कोरं पान, हे सारं इंटरनेटशिवाय पोटात घेऊन चालणारं यंत्र मात्र येऊ शकतं.

विरोधक पेरूचा दाखला देतात. तो मी टाळणार नाही. पेरूने याच योजनेतले लाखो लॅपटॉप वाटले आणि आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी 319 ग्रामीण शाळा तपासल्या, तेव्हा गणितात आणि भाषेत काहीच फरक आढळला नाही. मुलांच्या विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, तेवढीच. पण तिथे यंत्रं पोचली आणि शिक्षकांची तयारी मागे राहिली. हा दोष वाटपाचा आहे. आपल्याकडे 2007 साली कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत हेच हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, ते तिथल्या गुरुजींच्या रोजच्या शिकवण्यात. एका शाळेवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे कबूल. पण सुरुवात कुठून करायची, ते त्या शाळेने दाखवलं.

‘मोबाइल आहेच की!’ हा दुसरा आक्षेप. 2020 च्या टाळेबंदीत मोबाइलवरच शाळा भरली. पण घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. शिवाय त्या पडद्यावर धडा बघता येतो. निबंध सहजपणे लिहिता, खोडता, पुन्हा जुळवता येत नाही.

तिसरा आक्षेप आपत्तीचा. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतेक भाग तापीखाली गेला. तशा पुरात लॅपटॉप टिकेल का? नाही टिकणार. दप्तरही टिकत नाही. फरक त्यानंतरचा आहे. मुलाचं काम आणि सगळे धडे यांची एक प्रत तालुक्याला ठेवलेली असेल, तर दुसऱ्या यंत्रावर ते सहज चढतात आणि निवारा शिबिरातही मूल थांबल्या जागेवरून पुढे जातं. वाहून गेलेली वही कोण परत लिहून देणार?

म्हणून मागणी नेमकी आहे. नंदुरबार-धुळ्याच्या शाळांनी टोळ्या निघण्याआधी मुलांच्या नावावर लॅपटॉप द्यावेत. सुरत जिल्हा पंचायतीने प्रत्येक पडावावर सौरपट्टी लावावी आणि त्याच समाजातला, दहावी-बारावी झालेला एक तरुण पगारावर नेमावा. यंत्राइतकाच खर्च त्याच्या प्रशिक्षणावर व्हावा. आणि हा पैसा कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे एक रुपया काढून द्यावा, कारण तो ऊस या मुलांच्या आईबापांनी तोडलेला असतो.