कळा आल्या नाहीत, की थांबायला कुणी तयार नव्हतं?

"हिला कळाच आल्या नाहीत हो, मग सिझर करावं लागलं." कुठल्याही बारशाला जा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. सांगते सासू, आणि सून मान खाली घालून बसलेली. जणू परीक्षेत नापास झाली.

मंडळी, माझा राग या वाक्यावर आहे. वीस वर्षं तालुक्याच्या गावात बातमीदारी करतोय. बाळंतपणाची बातमी आम्ही दोनदाच छापतो: बाई दगावली की, नाहीतर बाळ रिक्षात जन्मलं की. मधलं कुणी विचारत नाही.

कळांचं सलाईन लावण्याआधी गर्भपिशवीचं तोंड तयार आहे का, हे तपासायचं असतं. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरने १९६४ मध्ये त्यासाठी गुण द्यायची पद्धत मांडली. तोंड किती उघडलंय, किती मऊ आहे, बाळाचं डोकं किती खाली आलंय, वगैरे. गुण ६ किंवा त्याहून कमी असतील तर आधी गोळी, जेल किंवा फोलीची नळी वापरून तोंड मऊ करायचं. फोलीची नळी म्हणजे लघवीसाठी घालतात तीच, स्वस्तातली. ते न करता थेट सलाईन लावलं तर फसण्याची शक्यता वाढते. त्यात पहिलटकरीण असेल, वजन जास्त असेल, वय पस्तिशीपुढे असेल तर आणखी. आणि तारीखच चुकलेली असेल तर? पाळीची तारीख अंदाजे सांगितलेली, सुरुवातीची सोनोग्राफी नाही, म्हणजे 'दिवस उलटले' हेही अंदाजेच.

यातलं बाईच्या हातात काय आहे, सांगा.

दुसरी गोष्ट वेळ. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की आई आणि बाळ ठीक असतील, तर पाणी फुटल्यावर किमान १२ ते १८ तास सलाईन दिल्याशिवाय 'फेल' म्हणू नका. आपल्याकडे भूलतज्ज्ञ जिल्ह्याहून येतो आणि संध्याकाळी परत जातो. सकाळी लावलेलं सलाईन मग संध्याकाळी 'फेल' होतं! घरच्यांनाही घाई असते, उद्या अमावस्या आहे ना. तीही यात भागीदार आहेत, उगाच सगळं डॉक्टरांवर ढकलू नका.

बाळाचे ठोके पडले, बीपी चढलं, तर थांबायचं नसतंच. तिथे सिझर जीव वाचवतं. कळांचं इंजेक्शन वाईट, असंही मी म्हणत नाही. २०१८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ३९ व्या आठवड्यात कळा आणवलेल्या पहिलटकरणींची सिझर उलट कमी झाली. पण तिथे वाट पाहायला माणसं होती. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, कळांचं औषध चालू असलेल्या बाईला एकटं सोडू नका. आमच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एक सिस्टर आणि तीन बाळंतिणी. कशी थांबणार ती?

देशात २०१९-२१ च्या पाहणीत खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३. यातली किती 'फेल' म्हणून, ते पाहणीच्या या आकड्यांत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'इंडक्शन फेल' लिहू नका. कितवा आठवडा, सुरुवातीला गुण किती, पाणी कधी फुटलं, सलाईन किती तास, हे चार आकडे लिहा. सरकारी रुग्णालयांकडून हेच मागायला या सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तुमच्या घरच्या कार्डावर काय लिहिलंय ते कमेंटमध्ये सांगा. नावं मात्र झाका.