काम विद्यापीठाचे, वकील पदरचा!

परीक्षेचा हंगाम आला म्हणजे शिरूर आणि दौंड येथील महाविद्यालयांतील प्राध्यापक व लिपिक काही दिवसांपुरते विद्यापीठाचे हातपाय बनतात. प्रश्नपत्रिकांची जोखीम सांभाळावयाची त्यांनी, वर्गावर पर्यवेक्षण करावयाचे त्यांनी, आणि एखाद्या परीक्षार्थ्याच्या बाकाखाली पुस्तकाची पाने सापडली तर अहवाल लिहून त्याखाली सही करावयाची, तीही त्यांनीच. ही सही करताना एखाद्याचा हात क्षणभर थबकला तर नवल नाही. उद्या या परीक्षार्थ्याने आपल्यालाच न्यायालयात खेचले, तर आपल्या बाजूने उभे कोण राहणार, हा प्रश्न त्याच्यापुढे असतोच.

समजा, अशा पर्यवेक्षकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा अथवा दमदाटीची खोटी फिर्याद दाखल झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण त्याच्या काय उपयोगाची? समन्स हाती पडल्यावर ती पायरी चढणे त्यास भागच असते. प्रकरण तालुक्याच्या न्यायालयात असेपर्यंत ठीक. ते पुण्यास गेले की दर तारखेस शिरूरहून नगर रस्त्याने किंवा दौंडहून रेल्वेने हेलपाटा, आणि उच्च न्यायालयात गेले की थेट मुंबई. वकिलाची फी, खर्ची पडलेल्या रजा आणि गावात झालेली बोलवा यांचा हिशेब निराळाच. संस्था म्हणू शकते, परीक्षा विद्यापीठाची होती. विद्यापीठ म्हणू शकते, नोकर संस्थेचा आहे. सरकार म्हणू शकते, आम्ही केवळ वेतनाचे अनुदान देतो. तीन धन्यांचा हा सेवक संकटसमयी निर्धन ठरतो!

शिक्षा करावयाची असते तेव्हा मात्र कायद्याला असा संभ्रम पडत नाही. १९७२ साली गुजरात विद्यापीठाच्या एका परीक्षकाच्या लाचलुचपतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ परीक्षक म्हणून नेमलेला इसम लोकसेवक ठरत नाही, असा निर्णय दिला. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियमाने ही उणीव भरून काढली. विद्यापीठाचे अध्यापक व कर्मचारी तर त्याने लोकसेवक ठरविलेच. शिवाय परीक्षेच्या कामासाठी विद्यापीठाने ज्याची सेवा घेतली, त्यालाही त्याच व्याख्येत आणले. ही तरतूद योग्यच होती. परंतु लाच घेणारा जर विद्यापीठाचा माणूस, तर लाच नाकारून सचोटीचा अहवाल लिहिणारा विद्यापीठाचा कोण?

सरकारी अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यावर दावा झाला आणि सरकारने बचाव अंगावर घेतला, तर सरकारी वकिलाने उभे राहण्याची रीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७ मध्ये घालून दिली आहे. फौजदारी खटल्यापूर्वी शासनाची मंजुरी आवश्यक करणारे जुन्या संहितेतील कलम १९७, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८ झाले, ते सरकारच्या मंजुरीवाचून ज्यांना पदावरून दूर करता येत नाही अशा लोकसेवकांपुरतेच आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक त्यात बसत नाही.

अधिकारी व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही, हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, हे खरे. तथापि तो अपवाद न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी वकील लागतो. ढाल कायद्याने दिली. ती उचलण्याचा खर्च ज्याच्या कामासाठी ती लागली त्याने सोसावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे नवे नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाची कलमे २२२ व २२३ सांगतात की, आपण दिलेल्या अधिकारानुसार प्रतिनिधीने केलेल्या कायदेशीर अथवा सद्भावनेच्या कृत्याचे परिणाम त्यास भोगावे लागले, तर त्याची भरपाई करण्यास नेमणारा बांधलेला आहे. गुन्ह्याच्या कृत्यासाठी अशी भरपाई नाही, हेही कलम २२४ मध्ये तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. दीडशे वर्षांपूर्वी व्यापारी व अडत्या यांच्या व्यवहारात जी नीती मान्य झाली, ती विद्येच्या मंदिरात परकी का वाटावी?

प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा नाट्यप्रयोग बंद पाडण्यात आला, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या प्रमुखांना पाच विद्यार्थ्यांसह अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. त्या नाटकाविषयी कोणाचे मत काहीही असो. विभागप्रमुखावर अध्यापनाच्या कामातून असा प्रसंग विद्यापीठाच्या आवारात येऊ शकतो, तर घोडनदीच्या काठावरील एकाकी प्राध्यापकाने कशाच्या बळावर निर्भय राहावे?

अशा तरतुदीने कुकर्म्यांना आश्रय मिळेल आणि सार्वजनिक पैसा वाया जाईल, ही शंका आम्ही क्षुल्लक मानीत नाही. म्हणूनच हा हक्क अटींनी बांधलेला असावा. कृत्य कर्तव्याच्या कक्षेतील व सद्भावनेचे असावे. लाच, लैंगिक छळ किंवा खुद्द विद्यापीठाशी चाललेला तंटा यांस तो लागू नसावा. आणि दुष्ट हेतू शाबीत झाल्यास खर्च परत घेतला जावा. कर्मचाऱ्याच्या अर्जावर निवृत्त न्यायाधीशाच्या समितीने पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. कारण अटकेच्या दिवशी हवा असलेला वकील वर्षाने मिळून काय उपयोग? मुख्य म्हणजे, संलग्न महाविद्यालयातील जो जो विद्यापीठाचे काम करील, तो तो या छायेखाली यावा. एखाद्या प्रसंगी मेहेरबानी म्हणून मदत होतही असेल. पण मेहेरबानी म्हणजे हक्क नव्हे. तो परिनियमात लिहिलेला असला पाहिजे.

१९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे स्वतः मोठे कायदेपंडित होते. त्यांच्या परंपरेला साजेसा मसुदा व्यवस्थापन परिषदेने तयार करून अधिसभेपुढे ठेवावा. अन्यथा एक दिवस असा येईल की, बाकाखालची पाने पर्यवेक्षकाला दिसतील आणि तो मुकाट्याने मान वळवील. त्या दिवशी दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.